फुंक आणि गज

जॅझचा एखादा नामांकित सॅक्सोफोनवादक आणि त्याच्या मागे चाळीस-पन्नास मुलामुलींचा व्हायोलिन-चेलोंचा वृंद, असा कार्यक्रम राजधानीत जाहीर झाला, तर आमच्या मराठी मंडळींपैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. सॅक्सोफोन म्हटला की आम्हांला हॉटेलातला नाच, हिंदी चित्रपटातला खलनायकाचा अड्डा किंवा लग्नाच्या वरातीतला बँड आठवतो. व्हायोलिन म्हटले की गजाननबुवा जोशी किंवा वि. गो. जोग यांची नावे ओठांवर येतात. एक वाद्य बाजारातले आणि दुसरे देवघरातले, अशी आमची समजूत आहे. त्या दोघांना एका व्यासपीठावर आणणे म्हणजे परदेशातून आलेली नवलाई, असेही आम्ही मनाशी ठरवून मोकळे होतो.

ही समजूत इतिहासाला धरून नाही. आमच्या देशात ही दोन वाद्ये एकमेकांची जुनी सोबती आहेत. एकाच किनाऱ्यावरच्या खेड्यांत, एकाच प्रकारच्या शाळेत शिकलेल्या मुलांच्या हाती ती आळीपाळीने आली. पुढे त्यांची ताटातूट झाली ती प्रतिष्ठेच्या बाबतीत. ज्या शाळेने त्या दोघांना वाढविले, ती मात्र आमच्या स्मरणातून पार निघून गेली. त्या शाळेची आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या माणसांची हकीकत येथे सांगावयाची आहे. दिल्लीत राहणाऱ्या आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांना ती परकी वाटण्याचे कारण नाही, कारण पोटासाठी मुलूख सोडून परप्रांतात आपली विद्या विकणाऱ्यांची ती हकीकत आहे.

भरतमुनींनी वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. व्हायोलिन पहिल्यातले, सॅक्सोफोन दुसऱ्यातला. वंशाने दोन्ही युरोपीय. व्हायोलिनला आजचे रूप सोळाव्या शतकात इटलीमध्ये आले. सॅक्सोफोन त्या मानाने अगदी अलीकडचा. आदोल्फ साक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याचे एकाधिकारपत्र मिळविले. पितळेच्या शिंगाचा दणका आणि क्लॅरिनेटचा लवचिकपणा एकाच वाद्यात यावा, अशी त्याची खटपट होती. वाद्याचे अंग धातूचे असले तरी त्याच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते आणि तिच्या कंपनातूनच स्वर निघतो. लष्करी बँडांनी ते प्रथम उचलले. जॅझच्या हाती ते आले विसाव्या शतकात, आणि तेव्हा कुठे त्याला स्वतःची वाणी सापडली.

भारतात व्हायोलिनचे नशीब लवकर उघडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाळुस्वामी दीक्षितारांनी त्याला कर्नाटक संगीतात आणले, आणि शंभर वर्षांच्या आत ते इतके आपले झाले की त्याच्याविना दक्षिणेतली मैफल अपुरी वाटू लागली. सॅक्सोफोनला त्यासाठी पुष्कळ वाट पाहावी लागली. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ हे नागस्वर वाजविणाऱ्याचे पुत्र. त्यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि पुढची अनेक वर्षे खर्चून त्यावर कर्नाटक संगीताची गमके बसविली. १९९४ मध्ये ते लंडनच्या प्रॉमेनाड संगीतोत्सवात वाजवून आले. २०१९ मध्ये ते निवर्तले, तेव्हा या वाद्याचे परकेपण दक्षिणेत तरी उरले नव्हते.

परंतु रागसंगीताच्या दारातून ही वाद्ये आत येण्याच्या फार पूर्वी गोव्यात एक वेगळेच दार उघडले होते. सोळाव्या शतकापासून तेथील चर्चना जोडून शाळा निघाल्या. चर्चला गोव्यात इगर्जी म्हणतात. तेव्हा आपण त्यांना इगर्जीच्या शाळा म्हणू. अक्षरओळख आणि धर्मशिक्षण यांच्या बरोबरीने त्यांत संगीत शिकविले जाई. शिकविणारा तो मेस्त. मुलाने आधी तोंडाने स्वरलिपी म्हणावयाची, हाताने मात्रा मोजावयाच्या, कागदावरचा स्वर पाहताक्षणी गळ्यातून काढावयाचा. हे साधले म्हणजे मग हाती व्हायोलिन यावयाचे. रविवारच्या प्रार्थनेला, गावच्या फेस्ताला, लग्नाला आणि अंत्ययात्रेला हीच मुले वाजवीत. शेतकऱ्याचा, खलाशाचा, सुताराचा मुलगा तेथे मांडीला मांडी लावून बसे. आज ज्याला आपण बालवादकांचा तंतुवाद्यवृंद म्हणतो, तो गोव्याच्या खेड्यापाड्यांत कोणताही गाजावाजा न होता पिढ्यान् पिढ्या नांदत होता.

या शिक्षणाच्या मागे धर्माची आणि परकी सत्तेची प्रेरणा होती, हे आम्ही विसरलेलो नाही. सत्तेने ते लादले, हे खरे; तथापि लोकांनी ते आपले केले, हेही तितकेच खरे. ज्या काळी आमच्याकडे शास्त्रोक्त संगीत शिकावयाचे म्हणजे उस्तादाच्या दारी वर्षानुवर्षे पाणी भरावे लागे, आणि तेथेही जात व घराणे आडवे येई, त्या काळी गोव्यातल्या गरीब मुलाला स्वरलिपी वाचण्याची विद्या मिळत होती. पुढच्या सर्व घडामोडींचे मूळ या विद्येत आहे.

गावात संगीत होते, पण पोट भरण्याचे साधन नव्हते. एकोणिसाव्या शतकापासून गोमंतकीय माणूस मुंबईकडे निघाला. धोबी तलाव आणि गिरगाव भागांत एकेका गावच्या लोकांनी वसतिगृहे थाटली. त्यांना ते कूड म्हणत. जहाजावरचा खलाशी, हॉटेलातला आचारी आणि बँडमधला वादक एकाच छपराखाली ट्रंका ठेवून राहत. स्वरलिपी वाचता येणारा वादक लष्करी बँडांना, संस्थानिकांना, मूकपटाच्या थिएटरांना आणि साहेबी हॉटेलांना हवा होता. मात्र नाचाच्या वाद्यवृंदाला नुसता व्हायोलिनवाला पुरत नसे. तेथे सॅक्सोफोन पाहिजे, क्लॅरिनेट पाहिजे, ट्रंपेट पाहिजे. मग इगर्जीच्या शाळेत गज धरलेला मुलगा दुसरे वाद्य शिके आणि प्रसंगी एकाच रात्री दोन-तीन वाद्ये वाजवी. त्याच्या दृष्टीने तो बाटलेला नसे. स्वर तेच, लिपी तीच. फक्त गजाच्या जागी फुंक आली.

१९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी जॅझवृंद दाखल झाला. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, या वृंदाचे नायक अ‍ॅबी स्वतः व्हायोलिनवादक होते. अमेरिकेतही ही दोन वाद्ये अशीच शेजारी नांदत होती. त्या वृंदाच्या आणि मागोमाग आलेल्या इतरांच्या सहवासात आमचे गोमंतकीय वादक नवे संगीत शिकले. नाताळच्या सुमारास मुंबई-कलकत्ता, उन्हाळ्यात शिमला-मसुरी, हिवाळ्यात दिल्ली-लाहोर, असा या वादकांचा फेरा असे. राजधानीचा साहेब जिकडे हवा खाण्यास जाई तिकडे बँड जाई. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात सेबॅस्टियन डिसोझा यांचा वृंद होता. फाळणीने तो संसार मोडला आणि डिसोझा मुंबईस आले. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांचे वाद्यसंयोजन पुढे त्यांच्याच लेखणीतून उतरले.

या भटकंतीतला एक प्रसंग विशेष बोलका आहे. १९४६ च्या उन्हाळ्यात मसुरीला ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड वाजवीत होते. ते गोव्याच्या कुडचडे गावचे. त्याच सुमारास गांधीजी मसुरीत आले होते, आणि तेथे फर्नांड यांची त्यांच्याशी गाठ पडली. त्या भेटीने आपल्या देशाची जाणीव त्यांच्या मनात जागी केली आणि जॅझ भारतीय रीतीने कसा वाजविता येईल याचा ध्यास त्यांना लागला. नाचाच्या बँडमधला एक वादक असा विचार करीत होता, हे आमच्या संगीतेतिहासात कोठेही नोंदलेले आढळत नाही. या वादकांत एकटे गोमंतकीयच होते असेही नव्हे. त्या काळचे नाणावलेले टेनर सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन हे पारशी. त्यांचे खरे आडनाव खटाऊ, आणि ते पारशी रंगभूमीच्या प्रसिद्ध घराण्यातले.

स्वातंत्र्य आले आणि या मंडळींचा अन्नदाता निघून गेला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतल्या रात्री सुन्या झाल्या. सुदैवाने त्याच वेळी हिंदी चित्रपटाला मोठ्या वाद्यवृंदाची भूक लागली होती. आमचे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी हा योग अचूक साधला. त्यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेट यांचा वृंद पडद्यावरही झळकला. चिक चॉकलेट हे अर्थात टोपणनाव. माणूस हळदोणे गावचा, नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ. मराठी संगीतकार आणि गोमंतकीय जॅझवादक यांच्या या भागीदारीने साऱ्या देशाला ठेका धरावयास लावले. वादकांची नावे मात्र ना ध्वनिमुद्रिकेवर आली, ना श्रेयनामावलीत. चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, गळा गायिकेचा. ज्यांनी ती चाल कागदावर उतरवून साठ माणसांत वाटून दिली, त्यांना दिवसाची बिदागी मिळाली आणि ते घरी गेले.

दिल्लीत याच वेळी दुसरे वारे वाहत होते. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. पुण्याचे हे विद्वान गृहस्थ रागसंगीताचे कट्टर अभिमानी होते. पाश्चात्त्य वळणाच्या मिश्रणाने बिघडलेले म्हणून त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दाराबाहेर ठेवले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर १९५७ मध्ये विविधभारती सुरू करावी लागली. त्यांच्या धोरणाचा दुसरा पैलूही सांगितला पाहिजे. त्याच १९५२ मध्ये दिल्ली आकाशवाणीवर पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद नावाचा राष्ट्रीय संच उभा राहिला, आणि पुढे पन्नालाल घोष यांनीही त्याची धुरा वाहिली. भारतीय संगीत अनेक वाद्यांनी मिळून कसे वाजवावे, हा प्रश्न त्याने गंभीरपणे हाती घेतला. केसकरांनी अनेक गुणी कलावंतांना मानाची भाकर दिली, यात संशय नाही.

तरीही या धोरणाने एक भिंत बांधली असे आम्हांला वाटते. भिंतीच्या आत व्हायोलिन बसले, कारण त्याला दीक्षितारांचे गोत्र मिळाले होते. भिंतीबाहेर राहिला तो जॅझचा सॅक्सोफोन. दिल्लीच्या धोरणात जो प्रश्न राष्ट्रीय म्हणून मांडला जात होता, त्याच प्रश्नाशी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत काही गोमंतकीय माणसे रोज झगडत होती, याची राजधानीला दखल नव्हती.

त्या झगडणाऱ्यांपैकी सर्वांत मोठे नाव अँथनी गोन्साल्विस यांचे. दक्षिण गोव्यातील माजोर्डे हे त्यांचे गाव. वडील तेथील चर्चमध्ये गायकवृंदाचे शिक्षक. अँथनी कोवळ्या वयात मुंबईस येऊन चित्रपटसंगीतात व्हायोलिन वाजवू लागले. रागसंगीत कानी पडले आणि त्याने त्यांना झपाटून टाकले. राग आणि पाश्चात्त्य स्वरसंवाद यांचे नाते कसे जुळेल, याचा विचार ते करीत राहिले. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम केला. वादक शंभरावर, एकल गायनासाठी लता मंगेशकर आणि मन्ना डे. रागांवर रचलेले हे वृंदसंगीत ज्यांनी वाजविले, त्यांतले बहुतेक दिवसा चित्रपटांसाठी वाजविणारे होते. या प्रयोगाला ना राजाश्रय लाभला, ना धनिकाश्रय. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेस गेले. गोव्यात परतल्यावर ते जवळजवळ अज्ञातवासात राहिले आणि २०१२ मध्ये वारले.

त्यांचे नाव देशभर गाजले, ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातल्या एका गाण्यामुळे. लोकांना ते काल्पनिक विदूषकाचे नाव वाटले. वस्तुतः ती प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वाहिलेली दक्षिणा होती. प्यारेलाल शर्मा यांनी लहानपणी व्हायोलिनचे धडे गोन्साल्विस यांच्याकडे गिरविले. येथे मराठी वाचकाला सुखावणारी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल ही जोडी जुळली ती मंगेशकर कुटुंबाच्या सुरील बाल कला केंद्रात. मुलांनी एकत्र बसून वाजवावे म्हणून चालविलेले ते केंद्र. हृदयनाथ मंगेशकरही त्या मुलांत होते. गोव्याच्या इगर्जीतून निघालेला प्रवाह आणि मंगेशीच्या देवळातून निघालेला प्रवाह मुंबईत अशा मुलांच्या मेळ्यात एकत्र आले, आणि त्यातून हिंदी चित्रपटसंगीताची चाळीस वर्षे भरून निघाली.

सॅक्सोफोन आणि तंतुवाद्ये एकत्र आली म्हणजे प्रत्यक्षात काय घडते, हेही थोडे पाहिले पाहिजे. जॅझच्या इतिहासात या मिलनाचा प्रसिद्ध प्रयोग चार्ली पार्कर यांचा. १९४९ च्या नोव्हेंबरात त्यांनी व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि हार्प यांच्या छोट्या संचासह ध्वनिमुद्रण केले. त्या काळच्या कित्येक टीकाकारांनी त्याला बाजारू म्हणून नाके मुरडली. पार्कर यांना स्वतःला मात्र त्याचा अभिमान होता. १९६१ मध्ये एडी सॉटर यांनी स्टॅन गेट्झ यांच्यासाठी ‘फोकस’ रचले. त्यात तंतुवाद्यांचे सर्व लिहिलेले होते आणि सॅक्सोफोनसाठी ठरीव चाल लिहिलेली नव्हती. गेट्झ यांनी ऐकत ऐकत आपली वाट काढावयाची होती. आमच्याकडे याच जातीचे काम चित्रपटात रोज चाले. कलकत्त्याचे मनोहारी सिंग १९५८ मध्ये सलील चौधरी यांच्यामुळे मुंबईस आले. त्यांच्या ऑल्टो सॅक्सोफोनच्या मागे जी व्हायोलिने वाजत, ती बव्हंशी गोमंतकीयांच्या हातांतली असत. एक चूक झाली की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवावयाचे, अशी त्या वेळच्या ध्वनिमुद्रणाची रीत होती.

मुलांचा वृंद असला की अडचणी वाढतात, आणि त्या अगदी साध्या असतात. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई या स्वरांत लावलेल्या. म्हणून शिकाऊ मुलाला डी किंवा ए पट्टी सोपी. बोट चुकले तरी मोकळी तार सावरून घेते. सॅक्सोफोनची गोष्ट उलटी. ऑल्टोवर सी वाजविला की ऐकू येतो कोमल ई, आणि टेनरवर वाजविला की कोमल बी. त्यामुळे मुलांची सोपी डी पट्टी ऑल्टोवाल्याला पाच तीव्र स्वरांच्या बी पट्टीत वाजवावी लागते आणि टेनरवाल्याला चार तीव्र स्वरांच्या ई पट्टीत. त्याला हव्या असतात कोमल बी आणि कोमल ई या पट्ट्या. जॅझचे घरच त्यांत आहे. तेथे मुलांना मोकळ्या तारांचा आधार कमी मिळतो. दुसरी अडचण लयीची. जॅझमध्ये कागदावर सारखे दिसणारे दोन स्वर वाजविताना एक लांब व एक आखूड होतात. मुलाने जसे लिहिले तसे वाजविले तर ते बरोबर असूनही निर्जीव लागते. तिसरी अडचण स्वातंत्र्याची. एकल वादकाला रंग चढला की तो आणखी एक आवर्तन घेऊ पाहतो, आणि मुलांच्या कागदावर मात्रा मोजून दिलेल्या असतात.

या अडचणींतून वाट काढतो तो संयोजक आणि शिक्षक. कोणी किती वाकावयाचे हे त्याने ठरवावयाचे असते, आणि आमच्या अनुभवाने, मोठ्याने वाकणे बरे. पाच तीव्र स्वरांची पट्टी पक्क्या वादकाला जड नाही. मुलाचे मात्र धैर्य खचू शकते. गोव्याचा मेस्त हे जाणत होता. गावच्या फेस्ताला कच्ची आणि पक्की मुले एकत्र वाजवीत, तेव्हा अवघड तान पक्क्याने घ्यावयाची आणि सोपा आधारस्वर कच्च्याने धरावयाचा, ही वाटणी ओघानेच होई.

दिल्लीला जॅझचे मोठे दर्शन घडले ते अमेरिकन सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यांतून. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक यांचे चौकडे भारतात आले, त्यांत पॉल डेस्मंड यांचा ऑल्टो सॅक्सोफोन होता. त्या दौऱ्यात मुंबईला सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी ब्रुबेक यांची सांगीतिक गाठ पडली. १९६३ तर दिल्लीच्या संगीतेतिहासातले विलक्षण वर्ष म्हटले पाहिजे. जानेवारीत कवी प्रदीप यांचे, चिनी आक्रमणात पडलेल्या जवानांवरचे गीत सी. रामचंद्र यांच्या चालीत लताबाईंनी येथे गाइले. सप्टेंबरात ड्यूक एलिंग्टन यांचा पूर्ण वृंद येथे दाखल झाला. एलिंग्टन दिल्लीत आजारी पडून इस्पितळात गेले, तेव्हा त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी पियानो सांभाळला. स्ट्रेहॉर्न यांच्या खोलीपाशी एक साळुंकी गात असे. तिची शीळ त्यांनी मनात टिपून ठेवली, आणि १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फार ईस्ट स्वीट’ या रचनेत दिल्लीच्या नावाचा एक खंड तिच्यावर बेतला. आम्ही दिल्लीकर रोज जी साळुंकी हाकलतो, ती अशी जगाच्या संगीतात जाऊन बसली.

त्या वृंदाच्या टेनर सॅक्सोफोनवादकाचे नाव पॉल गोन्साल्विस. जन्म अमेरिकेत, आईवडील मूळ केप व्हर्द बेटांचे. आडनाव तेच, जे माजोर्ड्याच्या अँथनींचे. आणि तेच, जे गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांचे, ज्या सॅक्सोफोनवादकाने १९७० मध्ये ‘राग रॉक’ ध्वनिमुद्रित करून रागांची वाट जॅझमध्ये काढली. ही माणसे एकमेकांची कोणी नव्हेत. पोर्तुगीज गलबते जेथे जेथे लागली, तेथे तेथे हे आडनाव राहिले, एवढेच. परंतु दिल्लीच्या रसिकांनी १९६३ मध्ये परदेशी गोन्साल्विसला टाळ्या दिल्या, तेव्हा देशी गोन्साल्विस मुंबईत निनावी व्हायोलिन वाजवीत होता, ही गोष्ट आम्हांला आजही खटकते. १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा सुरू झाली, सॉनी रोलिन्स यांच्यासारखे सॅक्सोफोनवादक आले, आणि आपल्याकडील जॅझवादकांनाही मानाचे व्यासपीठ मिळाले. तोवर एक संपूर्ण पिढी उलटून गेली होती.

यानंतरचे वर्तमान फारसे आनंदाचे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इगर्जीच्या शाळांचा जोर ओसरला. नवी इंग्रजी शाळा आली, आखाती देशांतली नोकरी आली, आणि मेस्ताच्या हाताखाली स्वरलिपी घोटण्यात मुलांना स्वारस्य उरले नाही. पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी चित्रपटातला साठ जणांचा वृंद बरखास्त केला. चाळीस व्हायोलिनांचे काम एक माणूस एका कळफलकावर करू लागला. उगम आटला आणि मुखही बुजले. आपल्या मुंबईचे व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९६४ मध्ये लॉस एंजेलिस येथे अमेरिकन यूथ सिंफनी हा तरुणांचा वृंद स्थापन केला. जी विद्या आम्ही परदेशाला तरुणांच्या वृंदाच्या रूपाने देऊ शकलो, तिची शाळा घरी पुरेशी टिकवू शकलो नाही.

तथापि सारेच बुडाले असे नाही. कलकत्त्याजवळ बेहाला येथे ऑक्सफर्ड मिशनमध्ये फादर थिओडोर मॅथिसन यांनी गरीब मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो दिले, आणि त्यांतला एक मुलगा, अनुपकुमार बिस्वास, पुढे नामांकित चेलोवादक झाला. मुंबईत मेहली मेहता यांच्या नावाची संस्था १९९५ पासून मुलांना शिकवीत आहे. पणजीला डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन काढून वंचित घरांतल्या मुलांना तंतुवाद्ये शिकविण्यास आरंभ केला. म्हणजे जेथून प्रवाह निघाला तेथेच विहीर पुन्हा उपसावयास घेतली. आमच्या दिल्लीत चाणक्यपुरीला दिल्ली स्कूल ऑफ म्युझिक आहे, आणि इतरही काही वर्ग चालतात. त्यांचे काम स्तुत्य आहे. अडचण एकच की, व्हायोलिनची किंमत आणि शिक्षकाची फी ज्या घरांना परवडते, त्यांच्यापलीकडे ही विद्या फारशी पोचत नाही. मेस्ताच्या शाळेचे वैशिष्ट्य हेच होते की ती पोचत होती. सेबॅस्टियन, फ्रँक, अँथनी हे कोणी सरदारपुत्र नव्हते. फी भरून शिकावे लागले असते, तर त्यांतले किती पुढे आले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. सॅक्सोफोनवादक आणि मुलांचा तंतुवाद्यवृंद एकत्र वाजविणार असतील, तर मराठी माणसाने आठ्या न घालता जावे. तेथे दिसेल ते आपल्याच किनाऱ्यावरचे जुने नाते आहे. सॅक्सोफोनवाल्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरांत असेलच. त्या मुलांना गज धरावयास कोणी शिकविले, कोणत्या खोलीत, किती वर्षे, ते मात्र बहुधा छापलेले नसेल. ते विचारावे. नाव कळले तर चारचौघांत सांगावे, आणि आपल्या संस्थांच्या मासिकांतून ते छापावे. मेस्तांची नावे लिहून न ठेवल्यामुळे आमचा अर्धा संगीतेतिहास निनावी राहिला. उरलेला अर्धा तसा राहू नये.